कोन, फक्त कोन

२ मार्च, सकाळ
वाचनालयाच्या नव्या दालनातली दर्शनी भिंत प्रदर्शनातल्या एका कलाकृतीला कायमची मिळणार. म्हणजे मलाच. प्रदर्शन ही औपचारिकता. संकल्प: प्लायवूडचे त्रिकोण, चौकोन, बस्स. पान नाही, पक्षी नाही, चेहरा तर मुळीच नाही. शुद्ध अमूर्त!

५ मार्च
अठ्ठावीस तुकडे कापायचे होते. तीन कापले. करवतीला धार नाही. धारवाल्याला तासभर अमूर्त कला समजावली. गप्प होता, पटलं असणार.

९ मार्च
सगळे बसवले. मधला लांबट त्रिकोण चार बोटं पुढे आलाय. स्क्रू लांब निघाले, पण निर्णय माझाच. चहा देता देता ही म्हणाली, "अहो, ह्याला नाक कशाला?" चाळीस वर्षं माझ्याबरोबर राहून ही दृष्टी!

११ मार्च, दुपार
नावाची पाटी करणाऱ्याला फोन. म्हटलं, "लिहा, कोन." तो म्हणाला, "कोण?" म्हटलं, "हां, तेच." एका झटक्यात समजला. अशी माणसं दुर्मीळ.

१४ मार्च, प्रदर्शन
पाटीवर 'कोण?' प्रश्नचिन्हासकट. आता बदलणं अशक्य. पण एका परीने उत्तमच. प्रेक्षक अंतर्मुख होईल.

संध्याकाळ. प्रेक्षक अंतर्मुख झाला नाही. ओळखायलाच लागला! पोस्टमनला त्याचे साहेब दिसले. एका आजींना दिवंगत दीर दिसले. डोळे पुसले त्यांनी. मग ही अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशी ओरडली, "अगंबाई, हा तर आमचा दादा!" मेहुणे मागेच उभे. सगळ्यांच्या माना टेबलफॅनसारख्या इकडून तिकडे. मेहुणे गहिवरले. म्हणाले, "भाऊजी, मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नाही." मी खोकलो.

१५ मार्च
समितीला खरमरीत पत्र लिहिलं: 'सदर कलाकृतीत कोणीही नाही, फक्त कोन आहेत.' हिला वाचून दाखवलं. म्हणाली, "दादा सकाळपासून आरशासमोर आहे. पाठवा खुशाल." पाकीट सापडलं नाही. उद्या बघू.

१८ मार्च
भिंत मिळाली! पहिला नंबर. विभाग: व्यक्तिचित्र. पुष्पगुच्छ मेहुण्यांना. समितीचे अध्यक्ष हळूच कानाशी आले. म्हणाले, "आमच्या सासूबाई जमतील का हो?" मी ताठ उभा राहून बजावलं, मी फक्त शुद्ध अमूर्त काम करतो.

मग म्हटलं, फोटो पाठवा. एक समोरून, एक बाजूने.