शेजारचं इंदापूर

१३ नोव्हेंबर १९९९, बारामती

इतिहासात नोंद राहावी — आज इंदापूरच्या व्याख्यानमालेत मला बशीशिवाय चहा मिळाला. पाहुणीला बशी, अध्यक्षांना बशी, आणि आभारप्रदर्शन करणाऱ्याला नुसता कान तुटलेला कप! ओठ भाजले. भाजल्या ओठांनी माणूस काय आभार मानणार?

बाकी मजा आली. पाहुणी म्हणजे राजलक्ष्मी, निमगाव केतकीच्या गेणबाची पोरगी. पुण्यात फिजिक्स शिकते. म्हणाली — आपलं अख्खं विश्व दुधावरच्या सायीसारखं. आपण, दिवे, तारे, सगळे सायीतच अडकलेले. शेजारी दुसरी साय असू शकेल, दुसरं विश्व. दिसणार नाही, कारण उजेड सायीबाहेर पडत नाही. फक्त ओढ, गुरुत्वाकर्षण, तेवढं इकडून तिकडं जातं.

मग माझी पाळी. "बाईंच्या त्या शेजारच्या विश्वात दुसरं इंदापूर आहे. तिथं एसटी वेळेवर येते, नळाला पाणी येतं — आणि पोरीही वेळेवर सासरी जातात!"

असा हशा पिकला! पहिल्या रांगेत गेणबा सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

१४ नोव्हेंबर

गेणबाच्या टाळ्या डोक्यातून जात नाहीत. दाढी करताना गाल कापला.

१६ नोव्हेंबर

व्याख्यानमालेचा संभाजी बाजारात भेटला. "कुंडलिकराव, त्या पोरीचं वाटोळं केलं तुमी."

गेणबाच्या घरात शब्द चालतो तो थोरल्या भावाचा, बापूसाहेबाचा. पोरीला पीएच.डी. करू द्यायची की उजवायची, हे तो भाषण ऐकून ठरवणार होता. ठरवलं! "लोकं हसत्यात तिला. बास झालं शिक्षण." रविवारी पाहुणे बघायला येणार.

लोक तिला हसले नव्हते. मी हसवलं, म्हणून हसले. आणि आभार? ते मानलेच नाहीत. विनोद जमला आणि मी खाली उतरलो.

१७ नोव्हेंबर

निमगावला गेलो. बापूसाहेबाला सरळ सांगितलं — माझं चुकलं, पोरगी मोठं काम करतेय, तिला शिकू द्या.

तो पोट धरून हसला! "लई इनोदी बुवा तुमी!"

खरं बोलतोय, म्हटलं. तर आणखीच. मांडीवर थाप मारून, "आन् पोरी येळेवर सासरी—!" माझंच वाक्य मला ऐकवलं. इतकी वर्षं साप्ताहिकात लोकांच्या टोप्या उडवून ही कमाई — खरं बोललो तरी हशाच.

गेणबा मात्र हसला नाही. "मला वाटलं, तुमी तिला नावाजताय. मीबी टाळ्या वाजिवल्या की वो."

पोरीची आई, प्रयागबाई, चहा ठेवता ठेवता म्हणाली, "तुमास्नी कधी गप बसाया येतं का?"

कप तसाच ठेवून निघालो.

१९ नोव्हेंबर

परत गेलो. राजलक्ष्मीला म्हटलं, मला शिकव.

"कशाला? परत हसायला?"

"त्या दिवशी काही कळलं नव्हतं. म्हणून हसवलं."

ती उठली. मग जुन्या रेडिओतलं लोहचुंबक आणलं, त्यानं सुई उचलली. "अख्खी पृथ्वी हिला खाली ओढतेय. तरी एवढंसं चुंबक जिंकतं! गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं का? कदाचित त्याचं बळ सायीबाहेरही वाटलं जातं. सिद्ध झालेलं नाही अजून. तेच शोधायचंय."

बापूसाहेब खांबाला टेकून माझ्या विनोदाची वाट बघत होता. जिभेवर बरेच आले. एक तर फारच चांगला होता. गिळले.

शेवटी त्यालाच राहवेना. "कुंडलिकराव, आजारी हाय काय?"

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. तो सरकत पुढं आला. सुई ओढून बघितली, परत चिकटवली, परत ओढली. "एवढी मोठी पृथ्वी... आन् असं का, ते कुणालाच ठावं न्हाय?"

"न्हाय, आबा," राजलक्ष्मी चुलत्याला म्हणाली.

पुढं तोच विचारत बसला. मी निघालो ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२१ नोव्हेंबर

निमगाव स्टँड, पुण्याची गाडी. पाहुण्यांना बापूसाहेबानं कालच नको म्हणून कळवलं. राजलक्ष्मीची ट्रंकही त्यानंच टपावर चढवली. मी खिडकीपाशी जाऊन म्हणालो, "तुमच्या व्याख्यानाबद्दल आभारी आहे." बापूसाहेब सवयीनं हसायला लागला, आणि माझ्याकडं बघून थांबला.