तीस दिवसांनंतरचा फोन

२८ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

झालं एकदाचं! महिन्याचे सगळे फॉर्म दिल्लीला गेले. साडेपाचला, मुदतीच्या अर्धा तास आधी.

एकच अडला होता — करमाडच्या लीलाबाई. हृदयाचा पेशंट आपल्या हॉस्पिटलातून घरी गेला की तिसाव्या दिवशी फोन करायचा, विचारायचं — गोळ्या चालू आहेत का, दम लागतो का, पायावर सूज आहे का. देशभर हेच प्रश्न. यांचा नंबर तीनदा लावला. "हा नंबर अस्तित्वात नाही." नियमानं "संपर्क झाला नाही" लिहायचं. पण ते जास्त झाले की दिल्लीच्या यादीत आपल्या सेंटरचं नाव लाल होतं, आणि आमचे प्रमुख हिमांशू सर दिवसभर तोंड पाडून बसतात.

मी टाकलं — जिवंत : हो. गोळ्या : चालू. सूज : नाही.

घरी जाताना बाई चांगल्या हसत होत्या. असतील ठीकच.

३ मार्च, सोमवार

सरांनी पेढे आणले. "स्वरदा, एकही फॉर्म अपूर्ण नाही आपला!" दोन खाल्ले.

१९ मार्च, बुधवार

दुपारी टेबलासमोर एक म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरी टोपी, नुकतंच केस काढलेलं डोकं. हातात डिस्चार्जच्या वेळी मी दिलेलं कार्ड. लीलाबाईंचे मालक, रामकिसन.

"ताई, तुमी फोन करनार व्हता ना, तिला. आता करू नका. गेली ती. चार तारखेला."

एवढंच सांगायला करमाडहून आले होते! मी उगाच फोन करीन, माझी खोटी होईल म्हणून.

मी खुर्ची दिली, पाणी दिलं. ते सांगत राहिले. गोळ्या महिन्याच्याच होत्या, त्या सरल्या. डॉक्टर म्हणाले होते महिन्यानं दाखवा. "मी म्हनलो, चल जाऊ. तर म्हनली, ताई फोन करनार हायेत, त्या सांगतील तव्हा जाऊ. लई भरोसा तिचा तुमच्यावर. फोन उशाला घिऊन बसायची. मग पाय सुजले, मग दम..."

मी काय बोलले आठवत नाही. "वाईट झालं" असंच काहीतरी. जाताना तेच म्हणाले, "तुमी कामात असताल."

२० मार्च, गुरुवार

कपाटातून लीलाबाईंचा मूळ कागद काढला. त्यावर नंबर बरोबर आहे. माझंच अक्षर. शेवटी सात. कॉम्प्युटरवर मी एक टाकलाय. कपाट माझ्या खुर्चीपासून दहा पावलं. अठ्ठावीस तारखेला एकदा उठले असते तर? बाई तेव्हा होत्या. अजून चार दिवस होत्या.

२१ मार्च, शुक्रवार

सरांना सांगितलं, लीलाबाई वारल्या, नोंद बदलायची. "बदलता येते. कारण लिहावं लागेल." मी लिहिलं — "नंबर चुकीचा नोंदवला गेला." नोंदवला गेला! जणू आपोआप. सरांनी वाचलं, मान हलवली. मग हळूच म्हणाले, "पण मग त्या दिवशी तुझ्याशी बोललं कोण?"

मी फाइल उचलली आणि बाहेर आले. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

२३ मार्च, रविवार

जालन्याच्या बसनं करमाडला गेले. आईला सांगितलं, मैत्रिणीकडे जाते.

रामकिसन ओट्यावर ज्वारी निवडत होते. सून चहा घेऊन आली. मी म्हणाले, "बाबा, नंबर माझ्याकडून चुकला. सातच्या जागी एक पडला."

त्यांनी बोटात खडा होता तो बाजूला टाकला.

"आकडा कुनाचाबी चुकतो, पोरी. तिचा बोलावा आला व्हता."

मी पुढचं बोलायला तोंड उघडलं — की मी लिहिलं, त्या बऱ्या आहेत. सूज नाही म्हणून लिहिलं, मी! पण ते बशीत चहा ओतून माझ्यापुढे धरत होते. "घ्या, गार व्हतोय."

घेतला. माफी मिळाली ती आकड्याची. बाकीचं तसंच घेऊन परत आले.

२४ मार्च, सोमवार

जेवण गेलं नाही. आई म्हणते पित्त असेल.

२६ मार्च, बुधवार

या वहीतही खोटंच लिहिलं. एकच फॉर्म नव्हता — अकरा होते. बाकीच्या दहा जणांना तर मी फोन लावलाच नव्हता. सकाळी अकराही नावं कागदावर लिहिली, खाली सही केली, सरांच्या टेबलावर ठेवली. मग पहिला नंबर लावला, अजिंठ्याच्या पुंजाराम यांचा.

दुसऱ्याच रिंगला उचलला.