एका रिंगचं मैदान

राजूर, ता. वणी
२८ सप्टेंबर २०२४

चि. निकितास बाबांचे अनेक आशीर्वाद.

होस्टेलवर फोन जमा करून घेतात, म्हणून हे पत्र. तुझ्या कोच मॅडमनी बास्केटबॉलच्या मॅचचा व्हिडिओ पाठवला, तीनदा पाहिला. रिंगखाली दोन पोरी मोकळ्या उभ्या आणि तू लांबूनच बॉल फेकतेस. अकरातले दोनच रिंगमध्ये गेले. बाई, नेमबाजी शिकायला गेलीस का पुसदला? बॉल हुकला तर माघारी धावावं. तू कमरेवर हात ठेवून बघत राहिलीस. मॅडम म्हणाल्या, पोरगी डिफेन्सले उभीच काहून राह्यते? वीस ऑक्टोबरला टीमची निवड आहे, तिथे असंच केलंस तर नाव कापतील, होस्टेलही सोडावं लागेल.

इकडे मी आणि कोळशाची धूळ, दोघंही बरे. राग आला तरी लोभ असू दे.

तुझे बाबा,
हरिसिंग

पुसद
४ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

राग आलाच. दोन दिवस पत्र उशाखाली ठेवलं. पण खरं सांगू? पास द्यावा हे माझ्या डोक्यातच येत नाही. कॉलनीच्या मैदानावर रिंग एकच, खेळणारे आपण दोघं. आई गेल्यापासून चार वर्षं तुम्ही रिंगखाली उभे राहायचे आणि बॉल पडो की हुको, उचलून माझ्याच हातात द्यायचे. पास कोणाला दिला असता? माघारी धावणार कुठे, मागे रिंगच नव्हती. इथेही बॉल गेला की मी थांबते. आळस नाही, बाबा. खोलीत आम्ही सहाजणी आहोत, पण हे कोणाला सांगता येत नाही.

माया कमी करू नका.

आपली निकिता

राजूर
९ ऑक्टोबर

चि. निकितास आशीर्वाद.

चूक माझी. तुझी आई गेल्यावर तुला बॉलमागे पळवणं जिवावर यायचं. वाटायचं, पोरीला एक तरी गोष्ट परत मिळावी.

आणखी एक कबूल करतो. मॅडमची तक्रार आली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. नाव कापलं तर तू घरी येशील, म्हणून तुझी खाट झाडून ठेवली. बापानं असं मनात आणू नये. आता ऐक. समोर कोणी आडवं नसेल तरच लांबून मार. पोरगी मोकळी दिसली की बॉल तिला. आणि बॉल गेला की पाठ फिरवून पळ.

बापाला माफ कर.

हरिसिंग

पुसद
२१ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न.

निवड झाली. लांबून तीनच मारले. पास इतके दिले की माझ्या टीममधली वैष्णवी म्हणाली, आज तुले बॉल चावते का? धावून पोटऱ्या सुजल्या आहेत. पण निवडलेल्या पोरींचं शिबिर दिवाळीभर आहे. घरून अर्ज आला तर मॅडम दोन दिवस सोडतील. मला यायचं आहे, बाबा. अर्ज लवकर पाठवा.

निकिता

राजूर
२५ ऑक्टोबर

चि. निकितास आशीर्वाद.

शेजारच्या शंकरसिंगला निवडीचं सांगितलं. तो पेढे मागून राह्यला होता, आणले. अर्ज लिहिला, पाकीट चिकटवलं, पोस्टापर्यंत गेलो. तिथून मॅडमना फोन केला. तू येणार त्याच दोन दिवसांत त्या फक्त डिफेन्स शिकवणार आहेत म्हणे.

अर्ज पाठवत नाही. येऊ नकोस. घर फार मोठं वाटतं, पण ते माझं मी पाहीन.

आठवण काढ, मैदानाबाहेर आल्यावर.

बाबा