उजवं मडगार्ड

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर तू बरं-बरं करून मोकळा होतोस, आणि इथे हे कान टवकारून बसतात, त्यामुळे धड बोलणंच होत नाही. तर बातमी अशी, की आपली इटलीवाली विकायला काढली आहे. जुन्या गाड्या जमवणारा एक गृहस्थ महिनाअखेरीस तिला न्यायला येतो आहे. पुढच्या उजव्या मडगार्डाच्या जागी नुसतं भगदाड आहे, पण त्याला त्याचं काही नाही. साच्यातून काढलेलं तयार मडगार्ड मिळतं म्हणे, ते बसवून घेईल. कागदांवर तुझं आणि ह्यांचं, दोघांची नावं आहेत, तेव्हा तुझी सही लागेल. ह्यांनी बजावलंय, सहीचं तेवढं कळव, बाकी काही लिहू नकोस. म्हणून बाकीचंच लिहायला बसले आहे.

ती घरी आली तो दिवस आठवतो का रे? टेम्पोवर एक चेपलेलं पातेलं, आणि त्याच्या दोन बाजूंना तुम्ही दोघं नवरदेवासारखे फुगून उभे. मला इतकं हसू आलं होतं! ज्यांच्याकडून ती घेतलीत त्या दंतवैद्यांनी तिची सगळी कुळकथा तुम्हाला सांगितली होती, आणि ती तुम्ही जेवताना इतक्यांदा उगाळलीत की मलाही पाठ झाली. आधी तो कापडगिरणीचा मालक. त्या नमुन्याच्या बोटांवर मोजण्याइतक्याच गाड्या बनल्या होत्या, त्यातली एक त्याने बोटीने मागवली. हातमोजे घालून चालवायचा आणि आभाळ भरून आलं की अर्ध्या वाटेवरून परत फिरायचा. मग त्याचा जावई. त्या दिवट्याने तेलाचा थेंब न बघता पळवून पळवून इंजिन जाम केलं आणि वर गाडीलाच शिव्या घातल्या. मग दंतवैद्य. त्यांनी इंजिन खोलून घेतलं, बायकोला शेजारी बसवून सुट्टीच्या दिवशी समुद्रापर्यंत जायचे. बायको गेल्यावर गाडी शेडमध्ये लावली ती लावलीच. एका वादळात शेडचं छप्पर नेमकं तिच्या तोंडावर पडलं आणि पुढची दोन्ही मडगार्डं चपटी झाली. भंगारात घालायला त्यांचा जीव होईना, म्हणून ती तुमच्या गळ्यात मारली.

काय वेड लागलं होतं रे तुम्हाला! दिवसभर गॅरेजात लोकांच्या गाड्यांचे पोचे काढायचे आणि संध्याकाळ झाली की हिच्याभोवती. कार्ब्युरेटर माझ्या जेवणाच्या टेबलावर, चाकांच्या तारा माझ्या पलंगाखाली. मी तिला सवत म्हणायचे आणि तुम्ही खुशाल हसायचात. शेवटी त्याच सवतीच्या सीटा मीच शिवल्या की नाही? ते चामडं माझ्या शिलाई मशीनच्या सुया मोडत होतं, आणि तू शेजारी बसून मला टीप सरळ घाल, टीप सरळ घाल म्हणून डोकं खात होतास. डावी बाजू ह्यांची, उजवी तुझी, असं तुम्ही वाटून घेतलं होतं. तुमच्या दोघांच्या हातोड्यांचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा आणि मला फार बरं वाटायचं. एवढं सुख मला पुन्हा कशाने झालं नाही, खरं सांगते.

माशी कुठे शिंकली ते तुला सांगायची गरज नाही. पण ह्या घरात त्यावर कुणी ब्र काढला नाही, तेव्हा मी काढते. चपटा पत्रा तू जपून उलगडलास आणि म्हणालास, उजवं मडगार्ड मुळातच डाव्यापेक्षा बोटभर बसकं आहे. इटलीच्या त्या कारखान्यात दोन बाजू दोन कारागिरांनी हाताने ठोकल्या असणार, जशी आहे तशीच ठेवू. ह्यांना ते पटेना. छपराखाली चेंगरलेल्या पत्र्याचं काय खरं मानायचं, दोन्ही बाजू सारख्याच हव्यात, असा ह्यांचा हेका. दुसऱ्यांच्या गाड्या सरळ करून करून ह्यांना वाकडं बघवतच नाही ना! तू वहिनीला आणायला तिच्या माहेरी गेलास, आणि मागे ह्यांनी तुझं मडगार्ड कापून काढलं, डाव्याचं माप उलटं धरून नवं ठोकलं. तू आलास, बघितलंस, आपल्या हातोड्या पिशवीत भरल्यास आणि चहाही न घेता गेलास. मला वाटलं होतं, नाकावरचा राग आहे, आठवड्यात उतरेल. किती वर्षं झाली, बघ.

गेल्या थंडीत दंतवैद्य गाडी बघायला आले. खूप थकलेत. चकचकीत गाडी बघून त्यांचे डोळे भरून आले. मग ह्यांनी त्यांना हाताला धरून आत बसवलं. ते स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले, आणि जरा ओशाळून म्हणाले, इथून मला उजवीकडे रस्त्याची कड दिसायची, आता नुसता पत्रा दिसतो. एवढंच. पुढे चहा झाला, गप्पा झाल्या. ते गेल्यावर ह्यांनी पाना घेतला आणि उजवं मडगार्ड उतरवून भिंतीला टेकवून ठेवलं. जेवले नाहीत. मला फक्त इतकं म्हणाले, की तुझा दादा बरोबर होता. तुला कळवू का विचारलं तर अंगावर आले. दुसऱ्या दिवशी नवा पत्रा आणला. तुझ्या मडगार्डाचे तुकडे ह्यांनी पोटमाळ्यावर जपून ठेवले होते, ते जमिनीवर जुळवून त्यावरून माप घेतलं. तुकडे ठेवलेत हे मलाही ठाऊक नव्हतं. काम चांगलं धरलं होतं, अर्ध्यावर आलंही होतं.

आता ते तसंच पडलं आहे. हे दिवसभर गॅरेजात खुर्ची टाकून बसतात. गिऱ्हाइकांना परत पाठवतात. शर्टाची बटणं लावून देते म्हटलं की चिडतात, आणि मग मुकाट्याने पुढे येऊन उभे राहतात. दादा, हे मला बघवत नाही.

ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती, ती मी आज मोडते आहे. बोलणं ठीक आहे, चालतात, पण डावा हात गेला. हातोडी उजव्यात धरता येते, पण पत्र्याला आतून लोखंडी ठोकळा लावून धरायचा असतो तो डाव्याने, आणि त्या हाताला ठोकळा पेलत नाही. परवा मी धरायला गेले. धरलाही. पण ठोका कुठे पडणार हे मला आधी कसं कळावं? चार ठोक्यांत पत्र्याला पोचे आले, ह्यांनी हातोडी खाली ठेवली आणि माझ्यासमोर रडले रे. म्हणाले, आत धरणारा माणूस एकच होता, त्यालाच मी घालवला. त्याच संध्याकाळी त्या गृहस्थाला फोन करून गाडी विकतो म्हणाले. काल ह्यांचा डोळा लागल्यावर मीही त्याला फोन केला. सांगितलं, की अर्ध्या मालकाची विकायला साफ ना आहे, तुम्ही येऊ नका. तू काही म्हणाला नाहीस, मला माहीत आहे. ह्यांना अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा घर डोक्यावर घेतील. त्याआधी ये आणि तूच त्यांच्या तोंडावर नाही म्हण.

वाट बघणारी, तुझीच
बुटकी