साचा क्रमांक सतरा

वडगाव, बेळगाव
११ डिसेंबर २०२५

चि. मंथन,

वडीलधाऱ्या माणसाने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो, म्हणून लिहिते. तो मनापासून आहे की नाही, ते पत्र वाचून झाल्यावर तूच ठरव.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण चालतं. तू बेंगळुरूहून पाठवलेला स्वेटर मिळाला. सैल झाला, गल्लीतल्या यल्लव्वाला दिला. शेजारचे माग आता आठवड्यातून तीनच दिवस चालतात, त्यामुळे गल्लीत शांतता असते आणि वाचायला बरं पडतं.

फोनवर तू मध्ये बोलतोस, म्हणून पत्र लिहिते. तुझ्या वडिलांबद्दल सांगायचं आहे. तू सहा वर्षांचा असताना ते मुंबईला अपघातात गेले, असं आम्ही तुला सांगितलं. ते खोटं होतं. खरं काय ते याच पत्रात आहे, पण माझ्या क्रमाने. पानं उलटून शेवट बघू नकोस. शेवटी तुला पाहिजे ते सगळं मिळणार नाही.

आधी तुझ्या साचेकोशाचं बोलू.

२०१९ मध्ये तू ते संकेतस्थळ काढलंस तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. कथा-कादंबऱ्यांत, सिनेमात, मालिकांत पुन्हा पुन्हा येणारी वळणं गोळा करायची, प्रत्येकाला नाव आणि क्रमांक द्यायचा, खाली उदाहरणं लिहायची. मी सातवी शिकलेली बाई. मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता मांडीवर पुस्तक ठेवून वाचनालयाची तीन कपाटं संपवली, पण वाचलेल्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. तू म्हणालास, "मामी, तू तर चालता-बोलता कोश आहेस, नोंदी पाठव." पाठवल्या. चारशेच्या वर आहेत. 'वडगावची वाचक' या नावाने आजही पहिल्या पाचात मी आहे.

त्याने मी हुशार झाले. निदान मला तसं वाटायचं. संध्याकाळी यल्लव्वा मालिका बघायला यायची. सासूने दुधाचा पेला हातात घेतला की मी म्हणायचे, "एकोणचाळीस." डॉक्टर चष्मा काढत बाहेर आला की, "आठ." महिनाभराने ती यायची बंद झाली. विचारलं तर म्हणाली, "तू बघू देत न्हाईस गं. नुसती मोजत बसतीस."

वाचनालयात तेच झालं. पूर्वी महिन्याच्या बैठकीत एखाद्या कथेवर दोन तास भांडणं व्हायची. ती बाई अशी का वागली, तिने जायला पाहिजे होतं की नको होतं, यावरून बायका एकमेकींशी चार दिवस बोलत नसत. आता सौम्या कथा वाचून आल्यावर म्हणते, "आठ, एकतीस आणि थोडा बारा." सगळ्या हसतात आणि चहा मागवतात. बारा म्हटलं की बारा. मग त्या बाईचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

लहानपणी तू किती विचारायचास. तुझे मामा मागावर बसून गोष्ट सांगायचे आणि तू खाली बसून, "मग? का गेला? कुठं गेला?" मागाच्या आवाजात ऐकू जायचं नाही म्हणून ते माग थांबवायचे. दिवसाचं विणणं मागे पडायचं, तरी थांबवायचे.

२०२२ च्या दिवाळीत निपाणीच्या एका लहान अंकात त्यांची कथा छापून आली. अकरा पानांची. वह्यांच्या मागच्या पानांवर त्यांनी आयुष्यभर लिहिलं, पण छापलेली ती एकच. घर सोडून गेलेला एक माणूस नऊ वर्षांनी परत येतो. त्या दिवशी पोराचा दहावीचा निकाल लागलेला असतो, घरात पेढ्यांऐवजी कुंदा वाटणं चाललेलं असतं. तो समोरच्या विजेच्या खांबाआड उभा राहतो. घरातला एक माणूस त्याला बघतो, बाहेर येतो. परत आलेला माणूस त्याच्या हातून कागदात बांधलेला कुंदा घेतो, खिशात घालतो आणि निघून जातो. शेवटच्या ओळीत तो कोणत्या गावच्या तंबाखूच्या वखारीत कामाला लागला, ते गावाच्या नावासकट आहे.

जानेवारीत ती कथा साचेकोशात आली. साचा क्रमांक सतरा, 'दारातून परतणारा बाप'. नोंद कुणीतरी पाठवली होती. खाली तू स्वतः दीड पान लिहिलंस. मला ते पाठ आहे. 'सतराव्या साच्याचा इतका आळशी नमुना अलीकडे वाचनात नाही. निकालाचा दिवस निवडून लेखक योगायोगाची सोय लावतो. खिशात कुंदा घालून वाचकाच्या डोळ्यांत बोट घालतो. बाप आत का येत नाही, हे सांगत नाही. साच्याला कारण लागत नाही. शेवटी गावाचं नाव येतं, ते का, हे लेखकालाही माहीत नसावं.' आणि खाली, 'लेखक माझे मामा आहेत. पण साचा तो साचाच.' त्याखाली एकसष्ट जणांनी हसून घेतलं. कुणीतरी लिहिलं, 'कुंदा वितळला नाही का खिशात?'

ते मीच त्यांना फोनवर दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग म्हणाले, "काठ बघून वळखलं पोरानं. लुगडं उलगडलं न्हाय."

मी म्हटलं, "जरा जास्त लिहिलंय त्यानं, पण कथा जुन्या वळणाची आहेच की."

"जुनीच हाय," ते म्हणाले. "सोळा वर्सं हुतील आता. हितंच घडलीया."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती आणि निकालाच्या दिवसाचं मला तोवर माहीत नव्हतं.

मंथन, तुझे वडील, किशन, अपघातात गेले नव्हते. ते प्यायचे. एकदा त्यांनी तुझ्या आईला मागाच्या धोट्याने मारलं. तिच्या कपाळावरची खूण पडल्याने झालेली नव्हती. त्या दिवशी तुझ्या मामांनी त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेलं आणि सांगितलं, परत पाऊल टाकलंस तर तंगडी ठेवणार नाही. नऊ वर्षांनी, तुझ्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या निकालादिवशी, ते आले. दारू सोडलेली होती. मामा बाहेर गेले. "दाजी, आत या" म्हणायला गेलो, पण तोंडातून आलं नाही, असं ते मला म्हणाले. तुझे वडीलच बोलले, "आत आलो तर आजचा दिवस माझा हुईल. त्येचा ऱ्हाऊ दे." कुंदा तुझ्या मामांनी दिला.

बाप आत का आला नाही, हे कथेत नाही, असं तू लिहिलंस. तिथे तू बरोबर होतास. ज्याने त्याला दार बंद केलं होतं तोच लिहीत होता, आणि तेवढं लिहायला त्याचा हात धजला नाही. तुझ्या दीड पानात एवढी एकच जागा होती जिथे एक प्रश्न विचारला असतास तर सगळी कथा उसवली असती. तू तिथे क्रमांक घातलास.

मंगलने, म्हणजे तुझ्या आईने, तुझ्या मामांकडून शपथ घेतली होती. तो आला होता हे मंथनला आपणहून सांगायचं नाही. ती गेली तरी शपथ राहिली. पण आपणहून सांगायचं नाही म्हणजे विचारल्यावर सांगायला हरकत नव्हती. म्हणून त्यांनी कथा लिहिली, आणि म्हणून त्यात गावाचं नाव घातलं. पोरगं वाचेल, कुंदा बघेल, निकालाचा दिवस बघेल आणि फोन करून विचारेल, मामा, हे कोण? दिवाळीपासून जानेवारीपर्यंत फोन वाजला की ते आधी उठायचे. मला वाटायचं, म्हातारपणी फोनची हौस आली आहे.

त्यानंतर त्यांनी लिहिलं नाही. चौदा महिन्यांनी गेले. टीकेने माणूस मरत नाही, हे मला कळतं. त्यांचं हृदय कमजोर होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुझ्यावर तो आळ घालत नाही. तुझ्यावर घालायचे ते वेगळे आहेत.

दिवसांना तू आला होतास. तेराव्याचं जेवण झाल्यावर ओसरीत माझ्याजवळ बसलास आणि म्हणालास, "मामी, मामांच्या कथेवरचं ते काढून टाकू का? आता बरं दिसत नाही."

मी म्हटलं, "असू दे. साचा तो साचाच."

तू मान खाली घातलीस. मी वाट बघितली. गाडी यायला तासभर होता. तासभरात तू पाण्याच्या टाकीचं विचारलंस, पेन्शनचं विचारलंस, मी एकटी राहणार का ते विचारलंस. कथेबद्दल नाही. मला शपथ नव्हती. ते होते तोवर, "तू सांगायचं न्हाय" एवढं त्यांनी बजावलं होतं, आणि आता ते नव्हते. जिभेच्या टोकावर आलेलं मी गिळलं. तुला रिक्षात बसवलं आणि ठरवलं, याने विचारल्याशिवाय याला काही मिळायचं नाही.

आता वर लिहिलेलं एक वाक्य दुरुस्त करते. नोंद कुणीतरी पाठवली होती असं मी लिहिलं. ती मी पाठवली. वाचनालयाच्या भिंतीवर देणगीदारांची पाटी असते, तसं काहीतरी मला वाटलं होतं. कोशात यांचं नाव आलं म्हणजे मान झाला. यांना न सांगता फॉर्म भरला. क्रमांक सतरा मीच घातला. 'वापर कसा आहे' याखाली तीन पर्याय होते, नवा, उलटवलेला, नेहमीचा. मी 'नेहमीचा' निवडला. मला खरंच तसं वाटत होतं. घरात बसून, त्याच माणसाच्या शेजारी बसून.

हे त्यांना मी कधीच सांगितलं नाही. तुला सांगते, कारण तुझ्यावरच्या रागातला काही वाटा माझा मलाच भरावा लागतो आणि त्याचा मला कंटाळा आला आहे. पण तुझा वाटा त्याने कमी होत नाही.

मामा गेल्यावर पुढच्या महिन्यात मी कथेतल्या त्या गावी गेले. निपाणीला उतरून दुसरी बस. वखारीजवळ एका खोलीत तुझे वडील राहत होते. तंबाखूच्या धुळीने छाती गेली होती, बोलताना मध्ये थांबायचे. मला वैनी म्हणाले. मी पाच वेळा गेले. दुसऱ्यांदा तो अंक घेऊन गेले. त्यांनी बोट लावत सगळी अकरा पानं वाचली. दुपार गेली.

"पोरानं वाचली का ही?"

"वाचली."

"काय म्हणाला?"

"सतरा नंबर दिला."

त्यांना ते समजलं नाही. जरा विचार करून म्हणाले, "म्हंजे पास का नापास?"

"पास," मी म्हटलं.

ते हसले, मग खोकला आला. तुझा फोटो मागितला. माझ्या फोनात तुझे ढीगभर फोटो आहेत. एकेक दाखवला. तुझा नंबरही त्याच फोनात होता, आणि ते माझ्या हाताकडे बघत होते. लावू का, असं मी विचारलं नाही. लाव, असं ते म्हणाले नाहीत. त्यांना वाटत असेल, हक्क नाही. मला मात्र काय वाटत होतं ते मला पक्कं माहीत आहे. आधी त्याने विचारू दे, असं वाटत होतं. वीस महिने मी तेच धरून बसले. त्या वीस महिन्यांत तू मला सदुसष्ट नोंदी तपासायला पाठवल्यास, आणि मी तपासून दिल्या.

१९ नोव्हेंबरला सकाळी वखारीच्या मुकादमाचा फोन आला. मी पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. "कोण लागता?" विचारलं, तर म्हटलं, "मेव्हण्याची बायको." "मुलगा?" मी म्हटलं, "लांब असतो." अग्नी मुकादमाने दिला.

तू बेंगळुरूहून रात्रीच्या गाडीने कधीही येऊ शकला असतास. त्या दिवशीही आणि त्याआधी वीस महिनेही. मी येऊ दिलं नाही. हा सूड आहे, मंथन, त्याला मी दुसरं नाव देत नाही. माफी मागत नाही आणि तुझी मागणीही नको. तुझ्या बापापासून मी तुला तोडलं, तसं तू तुझ्या मामांना त्यांच्या शेवटच्या बोलण्यापासून तोडलंस. फरक एवढाच, की तू न बघता केलंस आणि मी डोळे उघडे ठेवून. माझं जास्त वाईट आहे. तरी पुन्हा वेळ आली तर मी काय करीन, ते मला सांगता येत नाही.

गावाचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. ते तू निरर्थक ठरवलंस, म्हणून तुला आठवतही नसेल, आणि तो अंक आता कुठे मिळत नाही.

साचा सतराच्या पानावर सगळ्यात खाली 'प्रत्यक्षात घडलेलं' असा रकाना आहे. सहा वर्षं तो रिकामा आहे. आज दुपारी मी तो भरला. किशन यांचं पूर्ण नाव, तुझ्या आईचं, तुझं, माझं, खांबाजवळ उभं राहिल्याची तारीख, गाव, वखार, गेल्याचा दिवस. 'वापर कसा आहे' तिथे तिन्हीतलं काही निवडलं नाही, म्हणून फॉर्म पुढे जाईना. शेवटी पुन्हा 'नेहमीचा' निवडला.

तुझ्या मंजुरीशिवाय नोंद कुणाला दिसत नाही. मंजूर केलीस तर ती त्या एकसष्ट जणांनाही दिसेल. नामंजूर करायची असेल तर कारण लिहावं लागतं, हा नियम तूच केलास. काहीही कर, पण यावेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं लागेल.

मला उत्तर नको. कारण लिहायचं झालं तर तिथेच लिही, मी बघत असते.

तुझी नोंद तपासणारी,
मामी