मनीच्या मिशा

२ डिसेंबर १९२८, रवि.
पुस्तकात वाचलं: मांजराला तोंडाजवळचं नीट दिसत नाही. मिशीच्या मुळाशी मज्जातंतू. मिशी टेकली की उंदीर नेमका कुठं ते मेंदूला कळतं, मग दात बरोबर मानेवर. खरं का खोटं, आपणच पाहावं. घरमालक रामय्या हातमागावर, त्याची सून लक्ष्मी नळावर. त्यांची मनी माझ्याच मांडीवर घुरघुरत होती. कात्रीनं दोन्हीकडच्या मिशा साफ. स्वतःवर फार खूश झालो.

४ डिसें.
पुस्तक खरं! अंधाऱ्या माजघरात मनीनं उंदीर धरला, पण चावा भलतीकडंच. निसटला. वर्गात पोरांना सांगायला छान.

८ डिसें.
मागावर चढवायचा ताणा उंदरांनी कुरतडला. सुताला लावलेल्या खळीच्या वासानं येतात मेले. लग्नाच्या लुगड्यांचं सूत. रामय्या डोकं धरून बसला. मग मनीचं तोंड पाहून ओरडला, "उबेला चुलीत शिरली की ही! मिशा जळाल्या. सुनंनं विस्तव तसाच ठेवला." लक्ष्मी म्हणाली, "न्हाय मामा, पाणी मारलं होतं." मी दारातच होतो. शाळेला उशीर होतो म्हणालो नि सटकलो. लाज वाटते.

१० डिसें.
लक्ष्मीला माहेरी धाडणार, दुधनीला. "घर राखायला शिकली की आणू." नवरा मान खाली घालून बसलेला. उद्या नक्की सांगायचं.

११ डिसें.
नाही सांगितलं. गल्लीभर होईल, पोरं फळ्यावर चित्रं काढतील. एवढ्यासाठी! थू माझ्यावर.

१२ डिसें.
सांगितलं. रामय्या हसला. "तुमी शिकलेलं माणूस, मांजराच्या मिशा कशाला कापाल?" कात्री दाखवली. त्याचं हसू गेलं. "माझ्या सुनंसाठी खोटं बोलताय, मास्तर. का?" मी एकटा भाडेकरू. त्याच्या मनात काय आलं ते तेव्हा उमगलं. लक्ष्मी दाराशी उभी होती. पदर तोंडाला लावून आत गेली.

१३ डिसें.
दुपारच्या गाडीनं गेली. मी बोलेपर्यंत तिच्यावर नुसता विस्तवाचा ठपका होता.

३० डिसें.
रामय्या बोलत नाही. दुसरी खोली बघा म्हणून निरोप आला. दुधनीला जाऊन तिच्या वडिलांना खरं सांगावंसं वाटतं, पण मीच गेलो तर लोक काय समजतील? न गेलो तर?
मनी आज पुन्हा मांडीवर चढली. तळहातावर तोंड घासलं. मिशांचे खुंट फुटलेत, टोचतात. वेडी, हीच ती मांडी.