भरल्या गाडीचा मागचा ब्रेक

शके १८६५, कार्तिक शु. ५, नांदेड
रोजच्या रिवाजाप्रमाणे आधी सगळ्यांची विचारपूस. ही : गुडघा तसाच, एरंडाचा पाला बांधते, कुरकुर कमी. करीमभाई पत्रेवाले : डोळ्याला पाणी येतं, तरी कात्री सोडत नाहीत. गाय : बरी, चारा खाते. मी : बरा म्हणायचं.
शांताची विचारपूस कोणाजवळ करू? जावयाच्या तेराव्याला लातूरला गेलो तेव्हा लेक कोपऱ्यात बसली होती. कपाळ मोकळं. माझ्याकडे बघून म्हणाली, "अण्णा, जेवलात का?" उलट तिनंच मला विचारलं.
आज दुपारी माधवाची लॉरी माझ्या शेडात आली. जावई गेला ती हीच गाडी. दोन बैलजोड्या लावून लोह्याच्या अलीकडच्या उतारावरून ओढत आणली. गाडीचे मालक शेटजी, त्यांचा निरोप : दुरुस्त करा, लढाईच्या दिवसांत दुसरी गाडी मिळत नाही. मला विचारलंसुद्धा नाही, हात लावाल का म्हणून. मिस्त्री मी, लावणारच.
ताडपत्री टाकून ठेवली आहे.

कार्तिक शु. ८
ताडपत्री तशीच.
डोक्यात एकच. भाद्रपदात या गाडीच्या मागच्या ब्रेकला नवे पट्टे मीच घातले, पेंडलपासून ब्रेकपर्यंतची सळई मीच कसली. या गाडीच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नाही. हातब्रेक नावापुरता. सगळा भार मागच्या दोन चाकांवर. कसली तेव्हा गाडी रिकामी होती. दसऱ्यानंतर एकादशीला तो सरकीची पोती भरून निघाला, उताराखाली नाल्याचा पूल, आणि...
करीमभाई म्हणतात, "अण्णा, दिल छोटा मत करो." दिल मोठं करून काय करू.

कार्तिक शु. ११
दुसऱ्या एका लॉरीवर करून बघितलं. रिकामी असताना ब्रेक कसला. मग गोदेची ओली वाळू पोत्यांत भरून वर रचली. कमानपाटे दबले, आस जागची सरकली, सळई ढिली पडली. पायाखालचा पेंडल अर्धा तसाच खाली जातो, मग कुठं चाक धरतं.
म्हणजे रिकाम्या गाडीवर बरोबर असलेला ब्रेक भरल्या गाडीवर बरोबर नसतो. हे एवढं मला जन्मभर कुणी सांगितलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.
पाना माझा होता.

कार्तिक व. २
आज उघडली.
डावं मागचं चाक काढलं. ब्रेकच्या ड्रमच्या आतून तेल ओघळलं. वंगण नव्हे. वंगण काळं असतं. हे पिवळं, पातळ. बोटाला लावून हुंगलं. करडीचं. आमटीला फोडणी घालतात ते. पट्टे भिजून चिंब, तेलकट पट्टा चाक धरणार कसा. उजव्या चाकात तेच. ड्रमच्या मागच्या फटीला हळदीकुंकवाचा चिकट थर.
दोन्ही ड्रम समोर ठेवून बसलो.
व्याह्यांचं घर गाडीवानांचं. पिढ्यान्‌पिढ्या कापूस वाहिला. लांबच्या वाटेला बैलगाडी निघाली की घरची सून चाकात तेल सोडणार, चाक रडू नये म्हणून. बैलगाड्या गेल्या, लॉरी आली, तेल राहिलं. खंडेनवमीला गाडीची पूजा शांतानं केली असणार. नवे पट्टे महिनाभर कुईकुई करतात. तिनं ते ऐकलं असणार. वरवर न लावता चांगलं आत, फटीतून सोडलं. लेक माझी, कोणतंही काम अर्धं करत नाही.
खरं लिहितो. आधी मनात आलं, म्हणजे माझ्या पान्यानं गेला नाही. सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्या क्षणाची लाज वाटते. मग कळलं की हे कोणाच्या हातचं आहे.
पट्टे भट्टीत जाळले. ड्रम राखेनं घासले. हिला सांगितलं नाही. करीमभाईंनी वास घेतला, विचारलं नाही.

कार्तिक व. ९
शां.चं कार्ड. अक्षर मीच शिकवलेलं, वाकडं झालंय. "घरात सासूबाई म्हणतात ते गाडीवर झोपले. गावही तेच म्हणतं. ते झोपणारे नव्हते. अण्णा, गाडी उघडली असेल. काय निघालं ते खरं लिहा."
दिवसभर हात चालला नाही.

कार्तिक व. १०
उत्तर टाकलं. "माधव झोपला नव्हता. चूक त्याची नाही. ब्रेक मी रिकाम्या गाडीवर कसला, तो भरल्या गाडीला पुरला नाही. चूक माझी. हे कार्ड सासूबाईंना वाचून दाखव."
खोटं किती नि खरं किती, मलाच मोजता येईना. पण झोपला हा कलंक तरी जाईल. आणि तिला रोज तव्यावर तेल घालायचं आहे. पुढं उभा जन्म घालायचा आहे.

पौष शु. ३
कार्ड नाही.
ही लातूरला जाऊन आली. आल्यावर पदर खोचून चुलीपुढं बसली. मग म्हणाली, "पोरगी म्हणते, अण्णांचं नाव काढू नका माझ्यापुढं." थोड्या वेळानं, "जावयाची गाडी होती. जरा बघून कसायला काय झालं होतं तुमाला?"
मी म्हटलं, "चुकलं."
भाकरी मात्र गरमच वाढली.

माघ व. ५
माधवाच्या गाडीचं काम. बारीक सळई काढून जाड टाकली. ब्रेक उघडणाऱ्या दांड्याचा हात वीतभर लांब केला, त्यामुळं त्याच पायाला जोर जास्त. पट्टे रुंद. ड्रम खरडून गोल केले.
आता शेडात कायदा केला आहे : गाडी भरून आणा, मगच मागचा ब्रेक कसतो. ड्रायव्हर लोक वैतागतात. एक जण म्हणाला, "अण्णा, म्हंजे हजामतीला जायचं तर आधी जेवून जावं व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. भरूनच आणली त्यानं शेवटी. जाताना म्हणाला, "लई फरक हाय हो."
माधव असता तर त्यानं सगळ्यात मोठ्यानं चेष्टा केली असती. "मामा, तुमच्या ब्रेकला बी पोटभर लागतं."

चैत्र शु. ७, शके १८६६
गाडी न्यायला नामदेव आला. माधवाचा धाकटा भाऊ. आता हाच चालवणार. चालण्याची ढब भावाचीच. शेडाच्या दारात उभा राहिला तेव्हा एकदम...
चहा दिला. सगळ्यांची प्रकृती विचारली. शां.ची शेवटी विचारली. तो म्हणाला, "वहिनी बऱ्या हायत. बोलत न्हाईत जास्त." मग सहज सांगू लागला, "गाडीला हात लावत न्हाईत आता. आई लावू देत न्हाई. पर दारातनं सगळं सांगत्यात. परवा आमच्या सरूला सांगत व्हत्या : खंडेनवमीला तेल वरवर लावू नको गं, चांगलं आत सोड, न्हाईतर चाक रडतं."
सरू त्याची बायको. आता पूजा तिच्याकडे.
मी उठून माठातलं पाणी प्यालो. म्हटलं, "नामदेवा, लॉरीच्या चाकाला तेल नको."
"आई गाडी हलू देणार न्हाई अण्णा. बापजाद्याचं हाय ते."
"मग वरवर लावा."
"वरवर का?"
मी म्हटलं, "धूळ चिकटते." त्याला ते पटलं नाही. मलाही नाही. गाडी घेऊन गेला. खंडेनवमीच्या आत काही केलं पाहिजे.

ज्येष्ठ शु. १०
ड्रमच्या मागच्या फटीवर पत्र्याचं कडं बसवायचं. आत तेल, चिखल, पाणी काही जाऊ नये. घासलेटच्या डब्याचा पत्रा घेतला. पहिलं कडं ड्रमला घासलं, ठिणग्या. दुसरं हललं. तिसऱ्याला आतून जुन्या घोंगडीची पट्टी, खाली छोटं भोक. चुकून आत गेलंच तर बाहेर गळावं.
करीमभाई पत्रा कापताना म्हणाले, "अण्णा, ये किसके वास्ते? अंदर तेल कौन डालता?"
मी खाली बघून खिळा ठोकत राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दुसऱ्या चाकाचा पत्रा कापायला घेतला.

आषाढ व. ४
कडं घट्ट बसलं तर सुना फट शोधतील. तेल सोडायचं म्हटल्यावर जागा लागणारच. रिवाजाला नाही म्हणून चालणार नाही, त्याला जागा दिली पाहिजे.
म्हणून चाकाच्या बाहेरच्या टोपणावर पितळेची छोटी वाटी. बुडाला बारीक भोक. तेल वाटीत घालायचं, ते सरळ जमिनीवर ठिबकणार. कुंकू लावायला वाटीची कड. चांगली दिसते. देव्हाऱ्यातली वाटते. करीमभाईंनी तिला चकाकी आणली, पैसे विचारले तर रागावले.

भाद्रपद शु. १३
नामदेव गाडी भरून घेऊन आला. सरकीच. पत्र्याची कडी बसवली, वाट्या बसवल्या, भरल्या गाडीवर ब्रेक कसला. मी म्हटलं, "मी येतो लोह्यापर्यंत."
उतार लागला. नामदेवाला म्हटलं, पूल दिसला की दाब. त्यानं दाबला. गाडी जड म्हशीसारखी फुसफुसली, आणि पुलाच्या अलीकडे उभी राहिली. पोतं हललं नाही.
मी खाली उतरलो. नाल्यात पाणी होतं, बायका धुणं धूत होत्या. काठावर बाभळीचं एक खोड मोडलेलं. तिथं हात लावून उभा राहिलो.
नामदेव मागं येऊन उभा राहिला. त्याची नजर चाकावरच्या वाटीवर होती. हळूच म्हणाला, "अण्णा, त्या वक्ताला तेलाचं झालं होतं व्हय?"
मी म्हटलं, "कसण्याचं होतं. माझं."
गाडीत बसताना त्यानं मला हात दिला. आजवर कधी दिला नव्हता.

आश्विन शु. ८
उद्या खंडेनवमी. उद्या लातूरला अंगणात सरू वाटीत तेल घालील. शां. दारात उभी असेल. लहानपणापासून तिला प्रत्येक गोष्टीचं का लागतं. ही वाटी का, आत का नको, हे ती विचारणारच, आणि विचारता विचारता स्वतःच्या हातापर्यंत पोचेल. नामदेव काय सांगेल माहीत नाही. वाटी केली तेव्हा हे डोक्यात आलंच नाही. आता काढून आणता येत नाही. काढली तर सुना फट शोधतील, तेल आत जाईल.
सकाळी कार्ड टाकलं. इथं उतरून ठेवतो :
"चि. शांताबाईस अण्णांचे अनेक आशीर्वाद. सासूबाईंच्या पायाची सूज उतरली का? व्याह्यांना दमा सुरू झाला असेल, त्यांना सकाळच्या गारव्यात बाहेर बसू देऊ नको. सरू कशी आहे, नामदेव वेळेवर जेवतो का? तुझ्या आईचा गुडघा बरा आहे, तुझी आठवण काढते. करीमभाईंनी दुवा सांगितली आहे. गाय व्याली, गोऱ्हा झाला, पांढरा आहे. तू कशी आहेस ते कोणी सांगत नाही. काही विचारायचं असेल तर मला विचार, दुसऱ्या कोणाला नको. रागानं लिहिलंस तरी चालेल. नुसतं 'कार्ड पोचलं' एवढं लिही, पण लवकर लिही."